टायरचा पिवळा दिवा हवा भरूनही परत लागतोय? सेन्सर बदलण्याआधी हे तपासा

गेल्या डिसेंबरात सलग तीन शनिवार माझ्या गाडीत तोच पिवळा दिवा लागला. कापलेल्या टायरचं चित्र आणि मध्ये उद्गारचिन्ह. मी दर शनिवारी पहाटे धायरीहून साताऱ्याला आई-बाबांकडे जाते. सव्वासहाला गाडी काढली की नवले पुलापाशी दिवा लागायचा. कात्रजचा नवा बोगदा ओलांडून पुढच्या पंपावर थांबायचं, चारही चाकांत ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरून घ्यायची. चार-पाच मिनिटांत दिवा विझायचा आणि मी निश्चिंत मनाने खंबाटकी चढायचे. आठवड्याने पुन्हा तेच.

तिसऱ्या खेपेला मी टायरच्या दुकानात गेले. तिथल्या माणसाने डॅशबोर्डकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, "ताई, सेन्सर गेलेत. एक बदलून उपयोग नाही, चारही टाका. चौदा हजारांत करून देतो." त्याने हवा मोजायचं गेज हातात घेतलं नव्हतं, चाकाला हातही लावला नव्हता. मी "विचार करून सांगते" म्हणून परत आले. पुढच्या आठवडाभरात जे सापडलं त्यात चाकातला दाब मोजणाऱ्या सेन्सरचा काहीच दोष नव्हता. तो बिचारा तीन आठवडे खरं तेच सांगत होता. माझा खर्च झाला वीस रुपयांच्या व्हॉल्व्हच्या पिनेचा, आणि हवा भरायची माझी सवय मला बदलावी लागली.

हा त्रास थंडीत फार जणांना होतो आणि बरेच जण घाईने सेन्सर बदलून बसतात. म्हणून मी ज्या क्रमाने तपासलं, त्याच क्रमाने लिहिते.

दिवा लुकलुकतो की सरळ लागतो?

सगळ्यात आधी हे बघा, कारण इथून दोन वेगळे रस्ते फुटतात. चावी फिरवल्यावर किंवा बटण दाबल्यावर दोन-तीन सेकंद डॅशबोर्डवरचे सगळेच दिवे लागतात, ते सोडून द्या. त्यानंतर टायरचा दिवा लुकलुक न करता सरळ लागून राहिला, तर गाडीचं म्हणणं "हवा कमी आहे" एवढंच असतं. यंत्रणा ठीक आहे, टायर बघा.

दिवा साधारण मिनिट-दीड मिनिट लुकलुकला आणि मग लागून राहिला, तर गाडीला सेन्सरचा निरोपच मिळत नाहीये. सेल संपला असेल, सेन्सर तुटला असेल, किंवा सेन्सर नसलेली स्टेपनी लावलेली असेल. हवेचा संबंध असेलच असं नाही.

गंमत अशी की त्या मिनिटभरात आपण सीटबेल्ट लावत असतो, आरसा नीट करत असतो, सोसायटीच्या फाटकाकडे बघत असतो. नजर जाते तेव्हा दिवा नुसता लागलेला दिसतो, आणि लुकलुक झाली होती हे कळतच नाही. म्हणून एकदा मुद्दाम गाडी चालू करा आणि दोन मिनिटं काही न करता फक्त त्या दिव्याकडे बघत बसा. या दोन मिनिटांनी निम्मं निदान होतं.

ही लुकलुकण्याची पद्धत अमेरिकेच्या नियमातून आली. तिथे टायर निकामी होऊन झालेल्या अपघातांनंतर २००० साली कायदा झाला आणि १ सप्टेंबर २००७ पासून सगळ्या नव्या हलक्या गाड्यांना टायरची हवा कमी झाल्याचं सांगणारी ही यंत्रणा सक्तीची झाली. ठरलेल्या दाबापेक्षा २५ टक्के हवा कमी झाली की दिवा लागलाच पाहिजे, असा तो नियम. युरोपने २०१४ च्या नोव्हेंबरपासून सगळ्या नव्या मोटारींना ती लागू केली आणि तिथली मर्यादा जास्त कडक आहे. आपल्याकडच्या गाड्यांत दिवा साधारण २० ते २५ टक्के घट झाल्यावर लागतो. म्हणजे ३३ पीएसआय सांगितलेल्या टायरमध्ये २५-२६ च्या आसपास.

हा आकडा लक्षात ठेवा. दिवा लागला याचा अर्थ एक-दोन पीएसआय इकडेतिकडे झालेत असा नसतो. सात-आठ पीएसआय गेलेले असतात.

चाकाच्या आत काय असतं

ज्या गाडीच्या स्क्रीनवर चारही चाकांचे वेगवेगळे आकडे दिसतात, तिच्या प्रत्येक चाकात एक सेन्सर बसवलेला असतो. आपण हवा भरतो त्या व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला, टायरच्या पोकळीत. काडेपेटीपेक्षा लहान काळी डबी, वजन तीस-चाळीस ग्रॅम. तिच्यात सिलिकॉनचा एक अतिशय पातळ पडदा असतो. हवेच्या दाबाने तो किंचित वाकतो, वाकला की त्याचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून दाबाचा आकडा निघतो. सोबत तापमान मोजायची सोय असते, चाक फिरतंय का हे ओळखणारा एक भाग असतो, एक लिथियमचा सेल आणि एक छोटा रेडिओ ट्रान्समीटर. आपल्याकडे आणि युरोपात हा रेडिओ ४३३ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतो, अमेरिकेतल्या बऱ्याच गाड्यांत ३१५ वर. बाहेरून मागवलेला स्वस्त सेन्सर दिसायला हुबेहूब असूनही गाडीला "ऐकू" येत नाही, त्याचं हे एक नेहमीचं कारण आहे.

प्रत्येक सेन्सरला स्वतःचा क्रमांक असतो. दर निरोपात तो आपला क्रमांक, दाब आणि तापमान पाठवतो. गाडीच्या कॉम्प्युटरला आपल्या चार चाकांचे चार क्रमांक पाठ असतात, त्यामुळे सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या गाडीचे निरोप ती कानाआड करते.

सेल वाचवायला गाडी उभी असताना सेन्सर झोपतो. चाक फिरून ठरावीक वेग आला की जागा होतो आणि मग साधारण मिनिटाला एकदा निरोप देतो. हवा झपाट्याने जात असेल तर थांबत नाही, लगेच कळवतो. म्हणून सकाळी गाडी चालू केल्यावर आकड्यांच्या जागी नुसत्या रेघा दिसल्या, किंवा काल रात्रीचेच आकडे दिसले, तर घाबरायचं कारण नाही. एक-दोन किलोमीटर जाऊ द्या. हवा भरल्यावर दिवा लगेच विझत नाही त्याचंही कारण हेच.

ही डबी किती सोसते याचा मी एकदा हिशेब केला होता. समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगाने जाताना चाकाच्या आत रिमला चिकटून फिरणाऱ्या या डबीवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दोनशे पट जोर येतो. म्हणजे ३५ ग्रॅमची वस्तू त्या क्षणी सात किलोची होऊन बाहेर ओढली जात असते. म्हणून आतलं सगळं राळेसारख्या पदार्थात ओतून घट्ट बंद केलेलं असतं. आणि म्हणूनच बहुतेक सेन्सरचा सेल बदलता येत नाही. सेल संपला की अख्खा सेन्सर जातो. साधारण पाच ते दहा वर्षं तो चालतो, शहरात रोज फिरणाऱ्या गाडीत कमी.

थंड टायर, गरम टायर

आता माझ्या तीन शनिवारांकडे येते.

दुकानातून आल्यावर मी एक हातातलं गेज घेतलं आणि वही केली. रविवारी सकाळी साडेसहाला, म्हणजे पंपावर ३३ भरून बरोबर चोवीस तासांनी, गाडी जागची हलवण्याआधी खाली पार्किंगमध्ये मोजलं. पुढचं डावं ३०, पुढचं उजवं ३०, मागचं उजवं ३०, मागचं डावं साडेएकोणतीस. एका दिवसात चारही चाकांतून तीन-तीन पीएसआय हवा जाणार कुठे? चार टायर एकाच रात्री एकसारखे गळत नाहीत.

हवा गेलीच नव्हती. भरतानाच कमी भरली होती.

गाडीच्या दारावरच्या पट्टीवर जो आकडा छापलेला असतो तो थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असलेली, किंवा फार तर दीड-दोन किलोमीटर हळू चाललेली. मी धायरीहून बारा-पंधरा किलोमीटर हायवेने जाऊन मग पंपावर थांबत होते. तोवर टायर चालून गरम झालेले, आतली हवा फुगलेली, दाब आधीच तीनेक पीएसआयने वर. त्या चढलेल्या दाबावर मशीनने "३३ झाले" म्हणून टूं केलं. टायर निवले तेव्हा खरा आकडा निघाला ३०.

याचं गणित सोपं आहे. साधारण दहा अंश तापमान बदललं की मोटारीच्या टायरमधला दाब दीड पीएसआयच्या आसपास बदलतो. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत दुपारी २९-३० अंश आणि पहाटे १०-१२ हे नेहमीचंच. म्हणजे नुसत्या दिवस-रात्रीच्या फरकाने जवळजवळ तीन पीएसआय खालीवर होतात. दुपारी चार वाजता ऑफिसमधून येताना पंपावर ३३ भरून घेतली तर दुसऱ्या दिवशी पहाटे ती ३० च असणार, आणि चालून गरम झालेल्या टायरचे तीन त्यातून वजा केले तर २७. तिथून दिवा लागायला फार काही लागत नाही. सकाळी लागलेला दिवा दहाच्या सुमारास आपोआप विझतो तो यामुळेच, आणि आपण मात्र "सेन्सर नाटकं करतो" म्हणतो. न्यू जर्सीतल्या माझ्या मावसबहिणीकडे तर ऑक्टोबरातली पहिली कडक थंडी पडली की हा दिवा ठरलेला.

नायट्रोजन भरल्याने हा फरक पडायचा थांबतो असं पंपावर सांगतात. तसं होत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि थंडीने आकसण्यात, उष्णतेने फुगण्यात दोघांत काही फरक नाही. नायट्रोजन कोरडा असतो, त्यामुळे आत ओलावा जात नाही, एवढा फायदा खरा. पण दिवा परत लागण्यावरचा तो उपाय नाही.

मग करायचं काय? मी गाडीच्या सॉकेटवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर घेतला आणि पहाटे पार्किंगमध्येच ३३ भरते. तो नसेल तर घरापासून किलोमीटरभरातला पंप गाठा आणि सकाळीच भरा. दूरच्या पंपावर भरणं भागच असेल, तर निघण्याआधी घरी थंड टायर मोजून ठेवा. समजा घरी २९ होते आणि पाहिजेत ३३, म्हणजे चार कमी. पंपावर पोहोचल्यावर टायर ३२ दाखवत असेल तर ३२ अधिक ४, म्हणजे ३६ भरायला सांगा. पंपावरचे दादा "मॅडम, एवढी कशाला?" विचारतील, त्यांना शांतपणे हिशेब सांगा. आणि टायरच्या बाजूवर कोरलेला मोठा आकडा भरू नका. तो त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो. तुमच्या गाडीला किती हवी ते दारावरची पट्टी सांगते.

याच्या उलटही होतं. मे महिन्यात दोन तास हायवेने गेल्यावर आकडे ३७-३८ दिसतात, आणि लोक उतरून हवा सोडतात. कृपा करून सोडू नका. गाडीच्या गणितात ही वाढ धरलेली असते. तिथे हवा सोडली की थंड झाल्यावर टायर २८-२९ वर येतो. कमी हवेचा टायर रस्त्यावर जास्त दबतो, दर फेरीला जास्त वाकतो आणि जास्त तापतो. उन्हाळ्यात काँक्रीटच्या रस्त्यावर मोठ्या वेगात हेच सगळ्यात धोक्याचं. गाडीची एक बाजू उन्हात आणि दुसरी सावलीत उभी असेल तर दोन्हीकडच्या चाकांत दोन-तीन पीएसआयचा फरक दिसतो. तोही गाडी चालू लागली की जातो.

महाबळेश्वरला हवा भरणाऱ्यांसाठी एक बारकावा. तिथे समुद्रसपाटीपेक्षा बाहेरचा दाब सुमारे दोन पीएसआय कमी असतो. गेज आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक दाखवतं, म्हणून वर ३३ भरून पोलादपूरला उतरलात की तीच हवा ३१ च्या जवळ दिसू शकते. कोकणातली उष्णता त्यातलं बरंचसं भरून काढते, त्यामुळे एरवी लक्षात येत नाही. पण हवा आधीच काठावर असेल तर दिवा घाट उतरल्यावर लागतो, आणि माणूस पंक्चर शोधत बसतो.

एकच चाक मागे पडत असेल तर

चारही चाकं सारखी उतरली तर तापमान किंवा भरण्याची वेळ. एकच चाक उतरत असेल तर गळती. माझ्याकडे दोन्ही एकत्र झालं होतं, म्हणून तीन आठवडे उलगडा झाला नाही. वहीत मात्र ते स्वच्छ दिसलं. रविवारी तीन चाकं ३० आणि मागचं डावं साडेएकोणतीस. बुधवारी तीन चाकं ३० च, मागचं डावं २८. शनिवारी पहाटे तीन चाकं ३०, आणि ते २६. चुकीच्या वेळी भरल्याने तीन पीएसआय आधीच गेलेले, उरलेले चार त्या बारीक गळतीने नेले, आणि दिवा लागला. हवा बरोबर ३३ भरलेली असती तर तीच गळती आणखी पाच-सहा दिवस लपून राहिली असती.

चांगला टायरसुद्धा महिन्याला एक-दोन पीएसआय हवा सोडतो, तेवढं धरून चला. आठवड्याला तीन-चार जात असतील तर शोधायला लागा.

शोधायला साबणाचं पाणी पुरतं. मी भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब कपभर पाण्यात घालून स्प्रेच्या बाटलीत भरलं. आधी टायरच्या पृष्ठभागावर मारलं, गाडी थोडी थोडी पुढे घेत पूर्ण फेरी. काही नाही. मग रिम आणि टायर जिथे भेटतात त्या कडेला, बाहेरून. तिथेही काही नाही. शेवटी व्हॉल्व्हची टोपी काढून तोंडात पाणी भरलं आणि मोबाईलचा टॉर्च मारून बसून राहिले. दहा सेकंद काहीच नाही. मग मधोमध मोहरीएवढा एक बुडबुडा आला, हळूहळू ज्वारीच्या दाण्याएवढा झाला, फुटला, आणि त्या जागी दुसरा यायला लागला. मिनिटाला चार-पाच. एवढासा बुडबुडा, पण आठवड्याच्या दहा हजार मिनिटांत तो चार पीएसआय घेऊन जात होता.

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर पंक्चर काढणारे चाचा आहेत. त्यांनी व्हॉल्व्हच्या आत बसून हवा अडवणारी पिन काढून दाखवली. तिच्या बारीक रबरावर वाळूचा कण रुतून खाच पडली होती. माझ्या व्हॉल्व्हवर टोपी नव्हती, कधी हरवली मला आठवतही नाही. पंपावर ती बहुतेक वेळा परत लावली जात नाही. दहा-वीस रुपयांची वस्तू, पण धूळ आणि पाणी तीच अडवते, त्यामुळे हवा भरून झाली की उतरून चारही टोप्या मोजाच. टोप्या प्लास्टिकच्या घ्या. चकचकीत धातूच्या टोप्या सेन्सरच्या ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हवर गंजून इतक्या घट्ट बसतात की काढताना व्हॉल्व्ह तुटतो. पिनेचंही तसंच. सेन्सरच्या व्हॉल्व्हमध्ये निकेलचा मुलामा असलेली पिन लागते. साधी पितळी पिन ॲल्युमिनियमला धरून बसते. चाचांकडे निकेलची होती, म्हणून वीस रुपये.

व्हॉल्व्ह कोरडा निघाला तर पुढचा संशय रिमच्या कडेवर. पावसाळ्यात खड्ड्यात जोरात आपटलेली अलॉय रिम किंचित वाकते, आणि जुन्या रिमवर बीडिंगच्या (टायरची कड रिमवर बसते त्या) जागी पांढरी बुरशीसारखी पूड धरते. दोन्हीकडून हवा झिरपते. टायर उतरवून कडा घासून साफ कराव्या लागतात. खिळा असेल तर बहुधा दिसतोच. तो घरी उपटू नका, तसाच घेऊन दुकानात जा.

आकडे न दाखवणाऱ्या गाड्या

काही गाड्यांत दिवा असतो पण स्क्रीनवर चाकांचे आकडे नसतात, फक्त मेन्यूत किंवा बटणावर "रिसेट" असतं. त्यांच्या चाकात बहुधा सेन्सर नसतोच. एबीएसचे (जोरात ब्रेक मारल्यावर चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचे) जे सेन्सर चाकाचा वेग मोजतात त्यांच्यावरूनच गाडी अंदाज बांधते. हवा कमी झालेलं चाक किंचित बसतं, त्याचा घेर किंचित कमी होतो, म्हणून तेवढ्याच अंतरात ते बाकीच्यांपेक्षा थोडं जास्त फिरतं. हा फरक एका टक्क्याहूनही कमी असतो, तरी काही किलोमीटरच्या हिशेबात तो पकडला जातो. मला ही युक्ती फार आवडते. नवीन काहीच न बसवता आहे त्यातून माहिती काढलेली आहे.

पण तिला तुलनेसाठी "बरोबर हवा म्हणजे किती" हे सांगावं लागतं, आणि ते सांगायचं काम रिसेटचं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकांचा दिवा दोन महिने जात नव्हता. हवा चोख, टायर नवे. नवे टायर टाकल्यावर रिसेट केलंच नव्हतं, त्यामुळे गाडी नव्या टायरची तुलना झिजलेल्या जुन्या टायरशी करत होती. थंड टायरमध्ये बरोबर हवा भरून रिसेट केलं, काका सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आले, दिवा गेला. याच्या उलट चूक जास्त वाईट. दिवा लागला म्हणून हवा न बघताच रिसेट दाबलं, तर गाडी ती कमी हवाच बरोबर धरून बसते आणि पुढे गप्प राहते. शिवाय चारही चाकं सारखीच हळूहळू उतरत गेली तर अशा यंत्रणेला ते उशिरा कळतं, जुन्या गाड्यांत कळतही नाही. त्यांना महिन्यातून एकदा गेज लावण्याला पर्याय नाही.

खरोखर सेन्सर गेला असेल तेव्हा

माझ्या मेहुण्यांच्या गाडीत लुकलुकणारा दिवा होता. गाडी आठ वर्षांची, एका चाकाच्या जागी रेघा, थंडीत सकाळी रेघा आणि दुपारी आकडा. हे सेल संपत आल्याचं लक्षण. थंडीत सेल आणखी मंदावतो. त्यांचा सेन्सर खरंच बदलावा लागला. मात्र बदलण्याआधी दुकानदाराला चाकाजवळ धरायच्या यंत्राने सेन्सर "वाचून" दाखवायला सांगा. हे यंत्र १२५ किलोहर्ट्झच्या लहरीने झोपलेल्या सेन्सरला जागं करतं आणि त्याचा क्रमांक, दाब, बऱ्याचदा सेलची स्थितीही पडद्यावर आणतं. पाच मिनिटांचं काम. ज्या दुकानात हे यंत्र नाही त्यांनी "सेन्सर गेला" म्हणणं म्हणजे थर्मामीटर न लावता ताप सांगणं.

लुकलुक टायर बदलल्यानंतर किंवा पंक्चर काढल्यानंतर लगेच सुरू झाली असेल तर सेन्सर म्हातारा झाला असं समजू नका. टायर रिमवरून काढताना पहार नेमकी व्हॉल्व्हपाशी घातली तर डबी चिरडते. म्हणून टायर उतरवण्याआधीच सांगा: "दादा, आत सेन्सर आहे, व्हॉल्व्हच्या बाजूने सुरुवात करू नका." आणि त्या वेळी व्हॉल्व्हचं रबर, नट आणि पिन नवी टाकून घ्या. जुनं रबर दबलेलं असतं, परत कसलं की हवा धरत नाही.

पंक्चरच्या जेलबद्दलही सांगायला हवं. जुलै २०२० मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत बदल केला आणि ऑक्टोबरपासून साडेतीन टनांपर्यंतच्या ज्या गाड्यांना ट्यूबलेस टायर, ही दाबाची यंत्रणा आणि पंक्चरचं किट आहे, त्यांना स्टेपनीची सक्ती राहिली नाही. त्यामुळे आता किटमधलं जेल वापरायची वेळ जास्त जणांवर येते. जेल सेन्सरच्या बारीक छिद्रात जाऊन बसलं की आकडा अडकतो किंवा चुकीचा येतो. अडचणीत असाल तर जेल खुशाल वापरा, जिवापेक्षा सेन्सर मोठा नाही. पण त्यानंतर शक्य तितक्या लवकर टायर काढून आतलं सगळं पुसून घ्या. आधीपासूनच चारही टायरमध्ये जेल भरून ठेवायचा सल्ला मी तरी मानत नाही.

नंतर वेगळे आणून व्हॉल्व्हवर टोपीसारखे बसवायचे सेन्सर मिळतात, त्यांचा नाण्यासारखा सेल बदलता येतो, हे बरं आहे. पण ते पिन सतत दाबून ठेवतात, म्हणजे हवा अडवायचं काम सेन्सरच्याच रबरावर येतं. दिवा परत परत लागत असेल तर साबणाचं पाणी पहिल्यांदा तिथेच मारा.

नवा सेन्सर बसवल्यावर गाडीला त्याचा क्रमांक शिकवावा लागतो. काही गाड्या तो स्वतः शिकतात, मात्र त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं चाळीसच्या वर सलग चालवावी लागते. शहरातल्या गर्दीत ते होत नाही आणि दिवा लुकलुकतच राहतो. बाकीच्यांना दुकानातल्या यंत्राने क्रमांक द्यावा लागतो. चाकांची अदलाबदल केल्यावरही काही गाड्यांत हेच करावं लागतं, नाहीतर पुढच्या डाव्याचा आकडा मागच्या डाव्याच्या जागी दिसतो आणि आपण भलत्याच चाकात हवा भरतो. मेहुण्यांच्या गाडीत तेही झालं होतं. म्हणून कुठल्याही दुरुस्तीनंतर एका चाकातली हवा मुद्दाम तीन पीएसआय कमी करून एक चक्कर मारा आणि स्क्रीनवर त्याच चाकाचा आकडा खाली येतो का ते बघा.

चालू गाडीत दिवा लागला आणि एकाच चाकाचा आकडा डोळ्यांदेखत उतरत असेल, २८, २६, २३, तर यातलं काही आठवत बसू नका. जोरात ब्रेक मारू नका, ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, डावीकडे या, चारही इंडिकेटर लावा आणि पुढची सुरक्षित जागा मिळाली की थांबा. घाटात वळणावर थांबू नका. आकडा स्थिर असेल आणि गाडी एका बाजूला ओढत नसेल, तर वेग कमी ठेवून पुढच्या पंपापर्यंत जाता येतं. तिथे पोहोचल्यावर टायर गरम असणार, तेव्हा भरताना वरचा अधिकचा हिशेब धरा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हलवण्याआधी पुन्हा मोजा.